खर्जातला गंधार

आमच्या विद्यापीठात संगीत विभाग होता, तसा पोहण्याचा तलावही होता. माहितीपत्रकात दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी छापलेले. तलावात पाणी नसायचं आणि संगीत विभागात विद्यार्थी. तलावाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. विभागात मात्र शेवटची दोन वर्षं मी एकटीच होते, त्यामुळे विभागाबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कोणालाच नाही.

नाशिक मागे टाकून दिंडोरीच्या अंगाला लागलं की द्राक्षबागांमध्येच काचेच्या इमारती दिसायच्या, ते आमचं विद्यापीठ. लिबरल आर्ट्स. म्हणजे काय, ते मी घरी बऱ्याचदा समजावून सांगितलं आणि दर वेळी वेगळं सांगितलं. वडिलांचं पिंपळगाव बसवंतला कांद्याचं पॅकहाउस आहे. त्यांना एवढंच कळलं की मुलीला गाणं शिकायचंय आणि त्याची पदवी मिळते. "पदवी हाय ना? मग झालं," ते म्हणाले. आईचं म्हणणं पडलं की गाणं काय, घरी बसूनही येतं.

तिथं प्रत्येकाला सगळंच थोडं थोडं शिकावं लागायचं. मेजर संगीत असलं तरी सोबत संख्याशास्त्र, पर्यावरण आणि 'चिकित्सक विचार' नावाचा एक विषय, ज्यात आम्ही एकमेकांच्या निबंधांतल्या चुका काढल्या. मेसमध्ये कोणी विचारायचं, "तुझं मेजर काय?" मी म्युझिक म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "गिटार?" गिटार नाही म्हटलं की समोरचा आपल्या पोळीकडे वळायचा. पहिल्या वर्षी माझ्यासोबत अजून एक मुलगी होती. तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. वर्ष संपल्यावर ती मानसशास्त्राला गेली आणि जाताना म्हणाली, "तू पण चल. इथं राहून काय करशील?" मी गेले नाही. हट्टीपणा हा आमच्या घरचा गुण आहे, कांद्याच्या धंद्यात तो लागतोच.

आणि खरं कारण ताई होत्या.

ताई आम्हाला गाणं शिकवायच्या. वय साठीला टेकलेलं, इंदिरानगरात एकट्या राहायच्या आणि विद्यापीठाच्या बसनं यायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम ऑफिसात. इथं ताई." मग तानपुऱ्याची गवसणी काढली, सतरंजीवर बसल्या आणि तारा जुळवायला घेतल्या. त्याला इतका वेळ लागला की आम्ही दोघी मुली एकमेकींकडे बघून हसायला लागलो. ताईंनी मान वर न करता सांगितलं, "हसून घ्या. आजचा तास एवढाच आहे."

खरंच तेवढाच होता. तानपुरा लागला, त्यांनी तो थोडा वेळ छेडला, परत गवसणीत घातला आणि जाताना नियम सांगितला. तानपुरा त्या लावणार, आम्ही नुसता छेडायचा. खुंटीला हात लावायचा नाही. "ज्या दिवशी तुम्ही तो लावाल आणि मला उठून नीट करावा लागणार नाही, त्या दिवशी मी म्हणेन, लागला. त्या दिवशी तुमचं शिक्षण संपलं. मग हे वरचे लोक जो कागद देतील तो देतील."

हा एक शब्द मला ऐकायचा होता. पदवी नको होती असं नाही, पण पदवी सगळ्यांनाच मिळणार होती. ताईंच्या तोंडून 'लागला' ऐकायचं, एवढं एकच मी त्या तीन वर्षांत मनापासून मागितलं.

तानपुऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची, तोही षड्जच, पण खालचा. गंधाराची तार नाहीच. तरी चारही तारा चोख लागल्या की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. कोणी लावलेला नसतो, कोणी वाजवत नसतं, आपला आपण येतो. ताई रोज विचारायच्या, "आला का गंधार?" मला काही तो यायचा नाही. मला नुसती घुंइंऽऽ ऐकू यायची. एकदा माझी मैत्रीण कंटाळून म्हणाली, "आला, ताई." ताई म्हणाल्या, "खोटं. पंचम मुद्दाम उतरवून ठेवलाय मी. आज तो येणारच नाही." त्या दिवसापासून आम्ही खोटं बोलायच्या बाबतीत कानाला खडा लावला.

पहिलं वर्ष ताईंनी मला नुसतं सोलून काढलं. यमनातला गंधार लावायचा, एवढंच काम. "कमी." "अजून कमी." "आता चढा झाला, कुठं निघालीस?" "झोपेत गातेस का?" मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसायचे. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. आमची सोनारीण चांगलीच होती, पण दुखायचं थांबत नव्हतं.

मूड असला की त्या खेळ खेळायच्या. बाहेर बागेत फवारणीचा ट्रॅक्टर फिरत असायचा, त्याच्या ब्लोअरचा आवाज काचेतून आत यायचा. ताई विचारायच्या, "सांग, कुठली पट्टी?" मी काहीतरी ठोकून द्यायचे. त्या पेटीवर बोट ठेवायच्या आणि ब्लोअर अगदी त्या पट्टीत निघायचा. बसचा हॉर्न, लिफ्टची घंटी, मेसमधला मिक्सर, कशालाही त्या सोडायच्या नाहीत. कुलगुरू भाषणात कुठल्या सुरात सुरू होतात आणि कुठे घसरतात, तेही त्यांनी एकदा मला गाऊन दाखवलं. मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून अर्थशास्त्रवाल्यांनी काच वाजवली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ओरडा कमी झाला.

आधी मला वाटलं, ताईंची तब्येत बरी नसेल. मग एक दिवस मी गंधारावर थांबले आणि त्या डोळे मिटून म्हणाल्या, "वा." मला पुढचं गाताच येईना. दुसऱ्या दिवशी परत "वा." हळूहळू "कमी" हा शब्द आमच्या खोलीतून गेलाच. मी सुटीला पिंपळगावला गेले तेव्हा आईला सांगितलं, ताई आता मला रागवत नाहीत. आई खूश झाली. म्हणाली, "म्हणजे शिकली म्हणायची तू. मग आता स्थळं बघायला हरकत नाही." वडिलांनी पॅकहाउसमधल्या चार माणसांना सांगितलं की पोरीचं गाणं लय पुढं गेलं. मीही आरशात बघून जरा मान उंच करून चालायला लागले होते. नाकानं कांदे सोलायचे दिवस होते ते.

मधेच तानपुरा मला वेगळा वाटायला लागला. खुंटीला हात लावायची बंदी होती, कानांना नव्हती. ताई लावायच्या, छेडायला माझ्याकडे द्यायच्या आणि मला वाटायचं, दुसरा जोड पहिल्याशी नीट बोलत नाहीये. पण ताईंनी लावलाय म्हटल्यावर माझाच कान चुकत असणार, असं मी धरून चालले. एकदा भीत भीत म्हटलं, "ताई, उतरला का हो?" त्या म्हणाल्या, "एसीनं उतरला असेल. या लोकांना सांगून दमले मी, वाद्यांच्या खोलीत एसी नको." त्यांनी परत जुळवला. आधीपेक्षा वाईट जुळला. मी एसीला शिव्या घातल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी वीज गेली. कॉरिडॉरमध्ये, आमच्या दाराला लागूनच, यूपीएस होता. वीज गेली की तो टीं-टीं करायचा. आवाज बारीक, पण डोकं उठवणारा. पहिल्या वर्षी तो वाजला की ताई तानपुरा खाली ठेवून उठायच्या, शिपायाला बोलावून बंद करायला लावायच्या आणि तोवर गाणं बंद. त्या दुपारी तो वाजायला लागला आणि मी सवयीनं थांबले. ताई म्हणाल्या, "का थांबलीस?"

मी दाराकडे बघितलं. टीं-टीं चालूच होतं. ताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत. मी म्हटलं, "घसा कोरडा पडला." त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यायले, परत गायला लागले आणि यूपीएस तसाच वाजत राहिला.

संध्याकाळी हॉस्टेलवर मी मोबाइलवरची रेकॉर्डिंग्ज काढली. ताईंच्या तासाचं रेकॉर्डिंग मी रोज करायचे आणि कधीच ऐकायचे नाही, हे सगळेच विद्यार्थी करतात. त्या दिवशी ऐकलं. दिवाळीनंतरचं एकेक. माझा गंधार कमी होता. थोडाथोडका नाही, कोणालाही कळेल इतका कमी. आणि त्या कमी गंधारावर, मागून, स्पष्ट, ताईंचा आवाज: "वा."

मला आधी राग आला, तो स्वतःचा नाही, ताईंचा आला. इतक्या महिन्यांच्या 'वा' मी उराशी धरून ठेवल्या होत्या. घरी सांगितल्या होत्या. त्या सगळ्या एका झटक्यात गेल्या, आणि मी पुढे गेलेच नव्हते, उलट मागे आले होते, कारण कोणी थांबवणारं नव्हतं. रडायला त्या दिवशी नळ सोडावा लागला नाही. खोलीत कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तबल्याच्या सरांना कँटीनमध्ये गाठलं. सर आठवड्यातून दोन दिवस नाशिकहून मोटारसायकलवर यायचे. ताईंसोबत त्यांनी पंधराएक वर्षं साथ केलेली. मी सरळ विचारलं, "सर, ताईंना ऐकू कमी येतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "हळू बोल," ते म्हणाले.

"तबला तुम्ही कशाला लावता मग? तानपुऱ्याला?"

"फोनमधल्या तानपुऱ्याला लावतो गं," ते म्हणाले. "घरून येतानाच लावून आणतो. ताईंचा तानपुरा वर्षभरापासून भरवशाचा राहिला नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"एकदा म्हटलं होतं, कान तपासून घ्या. पंधरवडा बोलल्या नाहीत माझ्याशी. परत म्हणायची माझी छाती झाली नाही. आणि सांगून काय होणार? इथं कळलं तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावणार नाहीत. त्या गेल्या की विभाग बंद. तू कोणाकडे शिकशील?"

"आता तरी कोणाकडे शिकतेय?" मी म्हटलं. फार कडू बोलले. सर म्हणाले, "त्यांचं गाणं ऐकलंस ना? त्या स्वतः चुकत नाहीत. गळ्याला सगळं पाठ आहे. कान गेलेत, गळा नाही गेला. त्या गातात तेव्हा ऐकून घे. त्या सांगतात ते सोड."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. ताई स्वतः गायच्या तेव्हा गंधार तसाच, जिथल्या तिथे. मी नीट बघायला लागले तेव्हा अजून एक गोष्ट लक्षात आली. सर साथीला असले की 'वा' म्हणण्याआधी ताई त्यांच्याकडे एक नजर टाकायच्या. सरांची मान हलली की 'वा'. सर नसले की 'वा' सगळ्यालाच. कुठली पट्टी, हा खेळ त्यांनी केव्हाच सोडला होता. बाहेर ब्लोअर फिरत असायचा आणि ताई वहीत काहीतरी बघत असायच्या.

त्यांना स्वतःला कळलं होतं का, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. मला वाटतं, कळलं होतं आणि नव्हतंही. माझ्या आजोबांना डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा ते म्हणायचे, हल्ली बल्बच मंद येतात.

त्यानंतरचं वर्ष मी कसं शिकले, ते कुठल्याही अभ्यासक्रमात बसणारं नाही. हॉस्टेलवर मोबाइलमधला तानपुरा लावून मी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचे आणि ऐकून स्वतःलाच म्हणायचे, कमी. अजून कमी. झोपेत गातेस का? ताईंच्या आवाजात म्हणायचे, नाहीतर पटायचं नाही. ताईंसमोर मोबाइलमधला तानपुरा लावायची सोय नव्हती, त्यांना यंत्राच्या सुराचा तिटकारा होता. मग मी दुसरी युक्ती काढली. तानपुऱ्याच्या खालच्या बाजूला, ज्यावर तारा टेकतात त्या घोडीच्या खाली, प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. तो खालीवर सरकवला की तार किंचित चढते, किंचित उतरते. खुंटीला हात लावायची बंदी होती, मण्यांबद्दल ताई कधी काही बोलल्या नव्हत्या. त्या तानपुरा माझ्याकडे द्यायच्या, मी मांडीवर घेताना ओढणी सारखी केल्यासारखं करायचे आणि तेवढ्यात मणी सरकवून घ्यायचे. जिथे मण्यानं भागायचं नाही, तिथे तसंच गायचे, तानपुऱ्याशी भांडत.

तिसऱ्या वर्षी थंडीत एके सकाळी मणी असेच सरकवले, छेडायला लागले आणि खर्जाच्या तारेतून गंधार आला.

मी चुकून दुसरं काही ऐकतेय असं वाटलं. हात थांबवला, परत छेडलं. परत आला. अगदी स्पष्ट, कोणीतरी शेजारच्या खोलीत बसून तेवढा एकच स्वर धरावा तसा. मी विसरलेच की समोर कोण आहे. म्हटलं, "ताई, गंधार आला."

ताईंचा चेहरा उजळला. तीन वर्षं त्या हे वाक्य ऐकायला थांबल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले, मान एका बाजूला कलती केली आणि ऐकायला लागल्या. मी छेडत राहिले. तो येतच होता, एकामागून एक, थांबत नव्हता. ताई ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी आली, गेली, परत आली. त्यांनी मान दुसऱ्या बाजूला कलती केली. मी मनातल्या मनात म्हणत होते, ऐका ना, इथंच आहे, एवढा मोठा आहे. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "हो. आला की."

पहिल्या वर्षी माझ्या मैत्रिणीनं जसं म्हटलं होतं, अगदी तसंच. ताईंनी ताबडतोब बंदिशीला सुरुवात केली आणि त्या दिवशी तास लवकर संपवला.

मे महिन्यात शेवटच्या परीक्षेचं सादरीकरण होतं. आमच्याकडे संगीताच्या विद्यार्थ्याला लेखी परीक्षेपेक्षा याचे गुण जास्त. सभागृहात, लोकांसमोर, बाहेरून आलेल्या एका परीक्षक बाईंपुढे गायचं. राग ताईंनी ठरवला, यमन. मी म्हटलं, सगळे हसतील, यमन तर पहिला राग. ताई म्हणाल्या, "पहिला राग शेवटी गाता आला तर तीन वर्षं फुकट गेली नाहीत म्हणायची. बाकी सगळे चोचले."

मला यमनाची भीती नव्हती, मला तानपुऱ्याची होती. ताई तो लावणार, परीक्षकांच्या कानासमोर. परीक्षक बाई मोठ्या जाणकार होत्या, त्यांना पहिल्याच झंकारात कळलं असतं. माझे गुण जातील याची काळजी होती, नाही असं नाही. पण ताईंकडे बघून त्या बाई नुसत्या भुवया वर करतील, हे चित्र मला झोपू देत नव्हतं.

सादरीकरणाच्या संध्याकाळी पिंपळगावहून आईवडील आले. वडील कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आई पैठणी नेसून. जणू माझं लग्नच. सभागृहाच्या मागच्या खोलीत ताई, सर आणि मी. सर तबल्यावर हातोडी मारत होते, फोन मांडीखाली लपवून. मी ताईंसमोर तानपुरा धरला आणि काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात ताईच म्हणाल्या, "आज तू लाव."

तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते असं सहज आलं. मला आनंद व्हायला वेळच नव्हता. मी वाकून नमस्कार केला, खाली बसले आणि पहिल्यांदा त्यांच्यादेखत खुंटीला हात लावला. खोलीत एसी फुल होता, तारा ऐकेनात. खर्ज लावला. पंचम लावला. पहिला जोड वर आणला, तो बसला. दुसरा जोड अजून खाली होता. मी खुंटी पिळली, तो थोडा वर आला. अजून थोडा हवा होता. मी एकदा चारही तारांवरून बोट फिरवलं, अंदाज घ्यायला.

"लागला," ताई म्हणाल्या.

मी वर बघितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. "मला उठावं लागलं नाही," त्या म्हणाल्या. "लागला बाई तुझा तानपुरा."

दुसरा जोड उतरलेला होता. खोलीत मला ऐकू येत होतं, सरांना ऐकू येत होतं. सरांची हातोडी हवेतच थांबली होती. मी हात मागे घेतला असता तर सगळं गोड झालं असतं. ताईंचा शब्द राहिला असता, मी तसाच तानपुरा घेऊन स्टेजवर गेले असते आणि वाटेत मणी सरकवून जेवढं जमेल तेवढं जमवलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. पण माझी बोटं खुंटीवर होती, तार खाली होती आणि खाली राहिलेली तार सोडून उठायचं नाही, हे मला याच बाईंनी शिकवलं होतं. मी खुंटी पिळली. हळू, अजून हळू. जोड वर आला, पहिल्याशी मिळाला आणि खर्जातून गंधार उठला.

ताईंचे डोळे उघडे होते. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"उतरला होता?" त्यांनी विचारलं.

मी सरांकडे बघितलं. सर तबल्याच्या गादीकडे बघत होते.

"हो, ताई."

"किती?"

या बाईंसमोर मी पुन्हा खोटं बोलणार नव्हते. "कळण्याइतका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदर नीट केला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चल, उशीर नको. परीक्षक बसल्यात."

मी गायले. स्वतःच तानपुरा छेडत, सर उजव्या हाताला, समोर अंधारात पहिल्या रांगेत परीक्षक बाई, त्यांच्याशेजारी ताई आणि पलीकडे माझे आईवडील. कशी गायले, ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की गंधारावर थांबले तेव्हा खर्जातला गंधार आणि माझा गंधार एकच झाले आणि मी आपोआप ताईंकडे बघितलं. रोज बघायचे तसं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या सरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. सगळा वेळ त्या तिकडेच बघत होत्या, आणि सर मान खाली घालून ठेका देत होते, कारण त्यांनाही ते कळलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर परीक्षक बाई ताईंना म्हणाल्या की चांगली तयार केलीत हो मुलीला. वडिलांनी ताईंना हात जोडले. "तुमच्यामुळं झालं, ताई. आमच्या घरात सूर म्हणून नव्हता." ताई त्यांना म्हणाल्या, "माझं काही नाही हो." लोकांना तो विनय वाटला.

गर्दी ओसरल्यावर मी तानपुरा घेऊन मागच्या खोलीकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत ताईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, कारण हल्ली त्या मोठ्यानं बोलायच्या. "खरं सांगा मला. सुरात होती?"

"होती, ताई," सर म्हणाले. "पूर्ण वेळ होती."

"गंधार?"

"गंधारसुद्धा."

मी थोडं थांबून आत गेले. सर काहीतरी निमित्त काढून बाहेर पडले. मी तानपुरा भिंतीशी उभा केला आणि ताईंच्या पायाशी वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"चांगली गायलीस म्हणे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी गवसणी घेतली, तानपुऱ्याला घातली आणि नाडी बांधायला माझ्या हातात दिली.